उठाबशा, जिम आणि दुर्गा टेकडी

गृहपाठ नाही केला? मैदानाला पाच चकरा. उशीर झाला? वीस उठाबशा. वर्गात बोललास? कोंबडा हो! शाळेत आपण सगळ्यांनीच हे भोगलंय. आता दहा वर्षं जी गोष्ट शिक्षा म्हणून केली, तीच पुढे पैसे भरून हौसेने करा असं कुणी म्हटलं तर जमणार कसं? माझं तर स्पष्ट मत आहे की आपल्यातल्या पुष्कळ जणांना व्यायामाचा तिटकारा असतो, तो या उठाबशांमुळे. (आळस आहेच, नाही कोण म्हणतंय!)

सेकंड इयरला मी जिम लावली. तीन महिन्यांची फी भरली आणि गेलो नऊ दिवस. चारी बाजूंना आरसे, कानठळ्या बसवणारी गाणी आणि डोक्यावर उभा राहून "और दो, और दो" करणारा ट्रेनर. मला सारखे शाळेतले पीटीचे सर आठवायचे. दहाव्या दिवशी सबमिशनचं निमित्त मिळालं आणि सुटलो एकदाचा.

मग झालं असं की व्हायवाच्या आदल्या आठवड्यात रूममेट म्हणाला, खोलीत झोप येते, निगडीच्या दुर्गा टेकडीवर जाऊ, चालता चालता प्रश्न विचारतो. गेलो. थर्मोडायनॅमिक्सच्या दुसऱ्या नियमावर आमचं भांडण जुंपलं आणि ते मिटेपर्यंत आम्ही वर! दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. व्हायवा संपली तरी जातच राहिलो. आता तिथे रोज भेटणारे रिटायर्ड काका एक दिवस दिसलो नाही तर विचारतात, "काय रे, परीक्षा का?"

नंतर वाचनात आलं, की बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागला, की तो मध्यम व्यायाम झाला. म्हणजे आमचं भांडणसुद्धा हिशेबात! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला असा १५० ते ३०० मिनिटांचा व्यायाम सांगते. पूर्वी सलग निदान दहा मिनिटं हवीत अशी अट होती, ती २०२० मध्ये काढून टाकली. कटकट नको असणाऱ्यांना याहून चांगली बातमी काय असणार?

दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिल्या मुक्कामांपैकी एक आपल्या आकुर्डीत असतो. डोक्यावर तुळस घेतलेल्या साठ-सत्तरीच्या आज्या पंढरपूरपर्यंत, जवळपास अडीचशे किलोमीटर, चालत जातात. त्यातल्या एकीला विचारून बघा, "आजी, व्यायाम करता का?" हसेल ती! सोबत दिंडी आहे, टाळ आहे, पोचायला गाव आहे. आपल्या ट्रेडमिलला यातलं काय आहे?

पण हे सगळं मी घरी बाबांना सांगायला गेलो आणि माझीच दांडी गुल झाली. बाबा चाकण एमआयडीसीत असेंब्ली लाइनवर आहेत. मागच्या वर्षी शुगर निघाली, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. बाबा म्हणाले, "आठ तास उभा असतो, वर नाइट शिफ्ट. आता आणखी कसला व्यायाम सांगतोस मला?" मला उत्तर सुचलं नाही. खरंच आहे. एका जागी उभं राहून पाय सुजतात, शुगर काही उतरत नाही, पण हे थकून आलेल्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं? टेकडीचं कौतुक आपल्यासारख्या बसून शिकणाऱ्यांना सोपं आहे.

म्हणून व्यायाम हा शब्दच मी घरात काढायचा सोडून दिला. एका सुट्टीला म्हटलं, चला, संग्रामदुर्ग बघून येऊ. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी दीड महिन्याहून जास्त काळ झुंजवलं तो हा चाकणचा किल्ला. भुईकोट असल्यामुळे चढायची भानगड नाही. बाबा रोज त्याच्या जवळून कामाला जातात, पण आत कधी गेलेले नव्हते. पडक्या तटाकडेनं तासभर हिंडलो. बाबाच पुढे होते आणि कंपनीतल्या गमती सांगत होते.

येत्या रविवारी भंडारा डोंगर ठरलाय. कालच त्यांनी विचारलं, "वरपर्यंत गाडी जाते म्हणे?"

मी म्हटलं, "जाते. पण आपण खालीच लावू."

"बघू," म्हणाले.