आईची औषधांची पिशवी

परवा आईची औषधांची पिशवी आवरायला घेतली. पिशवी म्हणजे साडीच्या दुकानातली जुनी थैली. आत दहा-बारा वर्षांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि रिकाम्या स्ट्रिप्स.

घरातल्यांना आठवत असेल, मध्यंतरी आईचे घोटे सुजायचे. मीठ कमी कर, पाय वर घेऊन बस, असे सल्ले सगळ्यांनी दिले. शेवटी डॉक्टर म्हणाले, ही बीपीच्या गोळीची सूज. अ‍ॅम्लोडिपिनने येते कधीकधी. गोळी बदलली, सूज उतरली, विषय संपला. नोंद मात्र कुठेच झाली नाही.

अ‍ॅम्लोडिपिनची सूज डॉक्टरांना माहीत असते, म्हणून निभावलं. पण जे अजून कुणालाच माहीत नाही, त्याचं काय?

अमेरिकेत १९९९ साली व्हायॉक्स नावाची वेदनाशामक गोळी आली. दोन कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली. त्यातल्या काहींना हार्ट अटॅक आला. पण साठीच्या माणसाला हार्ट अटॅक आला, तर गुडघेदुखीच्या गोळीवर कोण संशय घेणार? गोळीने अंग निळं पडलं असतं तर डॉक्टरांनी लगेच कळवलं असतं. नेहमीचाच आजार थोडा वाढला, तर एकेका डॉक्टरला तो दिसत नाही.

तो दिसतो लाखो नोंदी एकत्र पाहिल्यावर. डेव्हिड ग्रॅहॅम आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटेच्या सुमारे १४ लाख रुग्णांच्या संगणकावरच्या नोंदी तपासल्या. कुणी कुठली गोळी किती घेतली आणि पुढे काय झालं, हे त्यात होतं. मोठ्या डोसच्या व्हायॉक्सचा धोका त्यात उघड दिसला. २००४ च्या सप्टेंबरमध्ये कंपनीने स्वतःच्याच एका चाचणीनंतर गोळी मागे घेतली. पण तोवर पाच वर्षं गेली होती.

त्यातून अमेरिकेने २००८ मध्ये 'सेंटिनेल' हा उपक्रम सुरू केला. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की सगळ्यांची माहिती एका जागी गोळा करत नाहीत. विमा कंपन्या आणि रुग्णालयं आपापल्या नोंदी आपल्याकडेच ठेवतात. सरकारचा प्रश्न त्यांच्याकडे जातो आणि उत्तरादाखल फक्त गोळाबेरीज परत येते.

माझा भाऊ म्हणतो, "आपले आजार विमा कंपनीला कळले की हप्ता वाढलाच समजा." भीती खरी आहे. म्हणूनच नावं बाहेर न जाता आकडे जाणं मला महत्त्वाचं वाटतं. आणि आकडा म्हणजे लगेच निकालही नव्हे. ज्यांना गोळी दिली ते आधीच जास्त आजारी असू शकतात. आकड्याने संशय घ्यावा, खात्री तपासून करावी.

आपल्याकडे २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. रुग्णालाही १८००-१८०-३०२४ वर कळवता येतं. पण कुणीतरी संशय घेऊन कळवलं तरच! २०२१ मध्ये डिजिटल आरोग्य मिशन देशभर सुरू झालं, आईचा आभा क्रमांकही काढलाय. पण कोपऱ्यावरच्या डॉक्टरांची चिठ्ठी कागदावरच असते आणि केमिस्टकडून नुसती पट्टी मागून आणलेल्या गोळीची तर चिठ्ठीही नसते. या नोंदी नीट ठेवल्या आणि नावं झाकून एकत्र वाचल्या, तर पुढची व्हायॉक्स आपल्याला लवकर कळेल. नाही तर आईची सूज थैलीतच राहणार.

असो. रिकाम्या स्ट्रिप्स टाकल्या, चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या आणि घोटे सुजले त्या महिन्याच्या चिठ्ठीवर पेनने तसं लिहून ठेवलं. तुम्हीही आपल्या घरातली थैली एकदा उघडून बघा.