मुबलक आहेत तोवर मोजा

राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1987-88 च्या हंगामात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या 353 जोड्या घरटी करून होत्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश तेव्हा तिथे शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. त्यांनी गिधाडंही मोजली, म्हणून हा आकडा आज आपल्याजवळ आहे. गिधाडांची काळजी करावी असं तेव्हा कोणाच्या मनातही येत नव्हतं. मोठ्या शिकारी पक्ष्यांत जगात सर्वाधिक संख्या बहुधा याच गिधाडाची असावी, असं त्या काळी तज्ज्ञ मानत. गावाबाहेर मेलेलं ढोर ओढून टाकलं की तासाभरात आकाश भरून यायचं.

1996-97 मध्ये त्याच उद्यानात जेमतेम दीडशे जोड्या उरल्या. फांदीवर मान खाली टाकून बसलेली आजारी गिधाडं दिसू लागली, झाडांखाली मेलेली सापडू लागली. आणखी दोन-तीन वर्षांत तिथे एकही घरटं राहिलं नाही.

ही घट भरतपूरपुरतीच की देशभर, हे ठरवता आलं ते आणखी एका मोजणीमुळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सोसायटीच्या अभ्यासकांनी देशातल्या ठरावीक रस्त्यांवरून गाडीने जात दोन्ही बाजूंचे शिकारी पक्षी मोजले होते. 2000 साली आणि त्यानंतरही तेच रस्ते पुन्हा पालथे घातले गेले. 2007 पर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्के घटली होती. लांब चोचीच्या गिधाडांची घट 97 टक्क्यांच्या आसपास होती. हजारातलं एक उरणं म्हणजे काय, हे नीट मनात आणून पाहावं.

ती पहिली मोजणी झालीच नसती तर? ‘आमच्या लहानपणी खूप गिधाडं असायची’ असं सांगणारी माणसं गावोगाव भेटली असती आणि त्यांचं म्हणणं खरंही असतं. पण आठवणीवरून औषधावर बंदी घालता येत नाही. मंत्रालयात आणि न्यायालयात आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि दोन्ही वेळच्या मोजणीची एकच पद्धत, एवढंच टिकतं.

कारण सापडायला वेळ लागला. आधी कीटकनाशकांवर संशय गेला, मग एखाद्या विषाणूवर. जानेवारी 2004 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. पाकिस्तानातल्या पंजाबात मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात आतड्यांवर, यकृतावर युरिक आम्लाचे पांढरे थर सापडले होते, मूत्रपिंडं निकामी झाली होती. दोष डायक्लोफेनॅकचा होता. हे साधं वेदनाशामक, गुरांचे डॉक्टर लंगडणाऱ्या बैलाला आणि तापलेल्या गाईला सर्रास टोचत असत. ते जनावर एक-दोन दिवसांत मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांचाही शेवट व्हायचा.

पण एवढ्याशा औषधाने एवढा मोठा संहार कसा होईल, ही शंका रास्त होती. तिचं उत्तर गणिताने दिलं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं आणि पहिलं घरटं करायला त्याला चार-पाच वर्षं लागतात. मेलेल्या शंभर जनावरांपैकी एकापेक्षाही कमी जनावरांत घातक मात्रा असली, तरी दिसली तेवढी घट होऊ शकते, असं हिशोबाने निघालं. प्रत्यक्षात भारतभरातल्या मेलेल्या गुरांच्या यकृताचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे 10 टक्क्यांत डायक्लोफेनॅक सापडलं.

2006 मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. मेलॉक्सिकॅम हा पर्याय गिधाडांना सुरक्षित असल्याचं त्याच वर्षी प्रयोगाने सिद्ध झालं होतं. तरी चोरवाट राहिलीच. माणसांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या दुकानात मिळत होत्या आणि त्या गोठ्यात पोचत होत्या. बंदीनंतरच्या नमुन्यांत हे प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास आलं होतं, म्हणजे औषध कमी झालं होतं, संपलं नव्हतं. अखेर 2015 मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरपुरती मर्यादित केली गेली. बंदीनंतरही कोणी नमुने गोळा करत राहिलं, म्हणूनच ही गळती कळली.

मला राग येतो तो पुढच्या दिरंगाईचा. डायक्लोफेनॅक गेलं, पण किटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅक गुरांसाठी विकली जात राहिली. एसिक्लोफेनॅकचं गुरांच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं, हे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत होते. या दोन्हींवर बंदी आली 2023 मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी. निमेसुलाइडची पाळी त्याहून उशिरा आली. गुरांसाठीचं कोणतंही नवं वेदनाशामक गिधाडांना सुरक्षित आहे हे आधी दाखवा आणि मगच परवाना घ्या, असा नियम असायला हवा. एकेक औषध गिधाडं मारून सिद्ध करेल आणि मग आपण ते बंद करू, ही रीत कायमची थांबली पाहिजे.

गिधाडांचं जाणं माणसालाही महागात पडलं. मुंबईत डुंगरवाडीवर मृतदेह गिधाडांच्या हवाली करणाऱ्या पारशी समाजाला अंत्यविधीसाठी सौर उष्णतेचे परावर्तक बसवावे लागले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, गिधाडांना अनुकूल असलेल्या जिल्ह्यांतले आणि तशा नसलेल्या जिल्ह्यांतले मृत्युदर ताडून पाहिले. 2000 ते 2005 या काळात गिधाडं नाहीशी झाल्यामुळे देशात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा त्यांचा निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. सडणारी जनावरं, दूषित पाणी, वाढलेली भटकी कुत्री अशी ही साखळी आहे.

आता महाराष्ट्रात 2024 पासून ताडोबा आणि पेंचमध्ये हरियाणातल्या पिंजोर केंद्रातली गिधाडं आणून, पाठीवर ट्रान्समीटर लावून सोडली जात आहेत. रायगडात म्हसळ्याजवळ चिरगावात स्थानिक निसर्गप्रेमींनी गिधाडांची घरटी राखली आहेत. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण शेकड्यांनी उरलेला पक्षी वाढवायला पिढी जाते आणि लाखांनी असलेला पक्षी मोजायला लागते फक्त चिकाटी.

म्हणून आज माझी नजर नीलपंखावर आहे. शेताकडेच्या तारेवर बसणारा, दसऱ्याला दिसला तर शुभ मानला जाणारा हा पक्षी दुर्मीळ नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या 2023 च्या अहवालात मात्र त्याची अलीकडच्या बारा-एक वर्षांतली घट 30 टक्क्यांच्या घरात दाखवली आहे. 30 हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींतून 942 जातींचा आढावा त्यात घेतला आहे. दीर्घकालीन कल ठरवण्याइतकी माहिती फक्त 338 जातींची मिळाली आणि त्यांतल्या 60 टक्के घटताना दिसल्या. मोर वाढले, कोकीळ वाढली, माळरानांवरचे पक्षी मात्र झपाट्याने खाली येत आहेत. उरलेल्या सहाशे जातींचं काय, हे सांगायला जुने आकडेच पुरेसे नाहीत.

हौशी नोंदींची एक अडचण आहे. त्या शहरांभोवती आणि ठरलेल्या तळ्यांवर दाटतात. पुण्याच्या टेकड्यांवर नोंदींचा पाऊस पडतो. मराठवाड्यातल्या ज्वारीच्या शिवारात, खानदेशातल्या कापसात पक्षी मोजणारे विरळा. कीटकनाशकांचा आणि बदलत्या पिकांचा परिणाम पहिला दिसणार तो तिथेच.

वाघांची दर चार वर्षांनी देशभर मोजणी होते, व्हायलाच हवी. त्याच शिस्तीने शेतातल्या नि माळावरच्या साध्या पक्ष्यांची मोजणी राज्याने हाती घ्यावी. कृषी विद्यापीठं आहेत, तालुक्या-तालुक्यात महाविद्यालयं आहेत. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर सालिम अलींचा. त्यांच्या नावाने शासन पक्षी सप्ताह साजरा करतं. भाषणं आणि चित्रस्पर्धा जरूर होऊ द्या, पण त्या आठवड्यात प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातली एक ठरावीक वाट पक्षी मोजत चालावी आणि दरवर्षी तीच वाट चालावी.

वाचकांनाही हेच सांगणं आहे. घराजवळची एक जागा निवडा. महिन्यातून एकदा सकाळी पंधरा मिनिटं तिथे थांबा, दिसतील ते पक्षी मोजा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख-वेळेसह नोंदवा. ओळख पटली नाही तर नाव लिहू नका. नुसते कावळे, साळुंक्या आणि पारवेच दिसले, तरी आकड्यांसकट लिहा.