उसाचा ब्रिक्स मोजतो, मग रक्तदाब का नको?



ऊस विकास विभागाने औषधावर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. पण पैठण-गंगापूर भागात बांधावर फिरताना एक वाक्य आमच्या कानी वारंवार येते : "बीपीची गोळी सोडली साहेब, आता मुळीची पूड घेतो. झाडपाल्याचा काय अपाय होतोय?" या समजुतीविषयी चार शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ही मुळी म्हणजे सर्पगंधा. तिचा गुण खोटा नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील तिचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. १९५२ साली तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. मराठी मुलुखाने याचा अभिमान जरूर बाळगावा.

परंतु गुण आहे म्हणून मात्रा लागत नाही असे नव्हे. रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकाशी साठलेले उत्तेजक द्रव्य रिते करते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात व नाडी मंदावते. त्याची मात्रा पाव मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग! जास्त झाले तर नाक चोंदते, पोटात व्रण होऊ शकतो, मन खचून माणूस उदास होतो. म्हणूनच आज डॉक्टर हे औषध सहसा प्रथम देत नाहीत. रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करणारी अॅम्लोडिपिनसारखी गोळी देतात. ती बहुधा दिवसातून एकदाच घ्यावी लागते.

आता आपल्याच धंद्यातले पाहा. एकाच जातीचा ऊस, पण जमीन, वय व हंगाम बदलला की उतारा बदलतो. नुसते कांडे पाहून साखर कळत नाही, म्हणून आपण ब्रिक्स मोजतो. मुळीचेही तसेच आहे. बाजारच्या पुडीत औषध किती, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग अंदाजाने जिवाशी खेळ कशाला?

दुसरे असे, की "बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडू नये. दाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही; कळते ते एकदम पक्षाघात झाल्यावर. गोळीने पायावर सूज आली तर डॉक्टरांना सांगून ती बदलून घ्यावी, परस्पर बंद करू नये.

आमचे स्पष्ट मत आहे, की गळीत हंगामाआधी प्रत्येक गट कार्यालयात रक्तदाब मोजण्याची सोय कारखान्याने करावी. ऊसतोड मजूर सहा-सहा महिने घरापासून दूर असतात, त्यांची गोळी फडावर संपते. त्यांनाही या सोयीत धरावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. तिचा लाभ तोपर्यंत सर्वांनी घ्यावा.

उसाची नोंद आपण तारखेनिशी ठेवता. तशीच रक्तदाबाचीही एक वही घरात असू द्यावी, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी