टीई ऑफिस गेलं, कारभार नगरपालिकेकडे आला. आता जाब विचारायला आपण जाणार का?



फिनलंडमध्ये नवीन आलेलं कोणी ना कोणी अजूनही विचारतं, "बायकोचं नाव टीई ऑफिसमध्ये कसं नोंदवायचं?" थोडक्यात उत्तर असं की टीई ऑफिस आता राहिलेलं नाही. 1 जानेवारी 2025 पासून सरकारने रोजगार सेवा स्वतःकडून काढून नगरपालिकांकडे दिली. देशाचे 45 रोजगार विभाग झाले. हेलसिंकीसारखं मोठं शहर एकट्याने एक विभाग आहे. वान्ता आणि केरावा या दोघांनी मिळून एक केला. लहान गावांना शेजाऱ्यांबरोबर यावं लागलं, कारण विभागात किमान 20,000 कामकरी लोकसंख्या हवी अशी अट होती. नाव नोंदवायचं ते आजही त्योमार्किनातोरी या देशभराच्या एकाच संकेतस्थळावर. पण नंतर तुमच्याशी बोलणारा माणूस तुमच्या शहराचा, किंवा तुमच्या शहराच्या वतीने काम करणारा असतो.

बरेच जण म्हणतात, "बोर्ड बदलला, बाकी काय?" मला तसं वाटत नाही. आपल्यासारख्या घरांसाठी हा बदल मोठा आहे, आणि त्याचा फायदा होणार की तोटा, हे बऱ्याच अंशी आपल्यावर आहे. का, ते सांगतो.

आधी हे बघू की नगरपालिकेला यात रस का असावा. गणित पैशांचं आहे. पूर्वी माणूस बेकार झाला की भत्त्याचा भार मुख्यतः सरकारवर असायचा. नगरपालिकेच्या वाट्याला फक्त मूळ श्रम-बाजार भत्ता यायचा, तोही 300 दिवसांनंतर. आता तिचा हिस्सा 100 दिवसांनंतरच सुरू होतो. आधी 10 टक्के, 200 दिवसांनी 20, 300 ला 30, 400 ला 40 आणि 700 दिवसांनी 50 टक्के. शिवाय पूर्वी माणसाला एखाद्या कोर्सला बसवलं की तेवढ्या काळापुरती नगरपालिका सुटायची. ती पळवाट बंद झाली. म्हणजे आता तुम्ही घरी बसलात तर तुमच्या शहराच्या तिजोरीतून पैसे जातात, आणि नोकरीला लागलात तर तुमच्या पगारातून शहराला कर मिळतो. कागदावर तरी तुमचं आणि शहराचं हित एका बाजूला आलं.

आपल्यातल्या अनेकांनी एकेकाळी जिल्ह्याच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवलं होतं. कार्ड मिळालं, आईने ते फाईलमध्ये जपून ठेवलं, आणि कॉल काही आला नाही. त्यामुळे रोजगार कार्यालय या शब्दावरच आपला फारसा विश्वास नाही. आणि नगरपालिका म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ते पाणी, कचरा, खड्डे आणि घरपट्टी. इथली कुन्ता म्हणजे नगरपालिकाच, पण तिचं काम निराळं आहे. मुलांची शाळा तिची, पैवाकोती म्हणजे पाळणाघर तिचं, वाचनालय तिचं. 2023 पासून आरोग्य सेवा (हेलसिंकी सोडून) कल्याण-प्रदेशांकडे गेली. त्यामुळे कुन्तेकडे उरलेल्या कामांत शिक्षण आणि आता रोजगार हीच मोठी कामं आहेत.

आई-बाबा म्हणून मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडे अडतं कुठे? नवऱ्याची आयटीतली नोकरी, बायको कुटुंबाच्या परवान्यावर आलेली. तिला काम करायचा पूर्ण हक्क आहे, डिग्री आहे, नाशिकला किंवा पुण्याला सात-आठ वर्षांचा अनुभव आहे. पण फिनिश येत नाही. फिनिशच्या क्लासला जायचं तर मुलाला कुठे ठेवायचं? मूल घरी आहे म्हणून क्लास नाही, क्लास नाही म्हणून भाषा नाही, भाषा नाही म्हणून नोकरी नाही. बघता बघता तीन वर्षं जातात. पूर्वी या साखळीची एक कडी सरकारच्या हातात आणि दुसरी नगरपालिकेच्या. दोन्हीकडचे लोक सभ्यपणे एकमेकांकडे बोट दाखवायचे. आता पाळणाघर आणि नोकरीची सेवा एकाच नगरपालिकेची आहे. त्याच दिवसापासून लागू झालेल्या नव्या एकात्मता कायद्याने नवागतांची जबाबदारीही तिच्यावरच टाकली आहे, घरी मूल सांभाळणाऱ्या पालकांसकट. "ते आमच्याकडे नाही" हे उत्तर आता चालणार नाही.

मुलं मोठी झाली की हेच पुन्हा उपयोगी पडतं. 30 वर्षांखालच्यांसाठी ओह्यामो नावाची मार्गदर्शन केंद्रं आहेत. पहिली उन्हाळी नोकरी इथे ओळखीपाळखीने मिळते, आणि आपल्याकडे नेमक्या ओळखी नसतात. तिथे शहराचा आधार लागतो.

आता दुसरी बाजू. हा बदल म्हणजे सगळं छान असं मी म्हणणार नाही.

एक, सेवा आता शहराप्रमाणे बदलणार. श्रीमंत शहरात इंग्रजी बोलणारा सल्लागार मिळेल, दूरच्या गावात मिळेलच असं नाही. घर बदलताना आपण शाळा बघतो, तसं आता हेही बघावं लागेल.

दोन, नगरपालिका नोकऱ्या निर्माण करू शकत नाही. 2025 मध्ये इथला बेरोजगारीचा दर 9 टक्क्यांच्या वर गेला. एवढ्या मंदीत सल्लागार कितीही चांगला असला तरी जागाच नसेल तर तो काय करणार?

तीन, आणि मला खरी काळजी याची आहे. वर सांगितलेल्या गणितात कुठलीही नोकरी ही नोकरीच. गणिताच्या शिक्षिकेला ऑफिस सफाईचं काम लागलं की भत्ता बंद, शहराचा खर्च बंद, फाईल बंद. सफाईच्या कामात कमीपणा काहीच नाही, आपल्यातले कितीतरी जण त्यावरच उभे राहिले. पण त्या बाईला शाळेत शिकवण्याइतकं फिनिश शिकवायला वेळ आणि पैसा लागतो, आणि तो खर्च याच वर्षीच्या हिशेबात दिसतो. फायदा मात्र पाच वर्षांनी दिसणार. कोणी मागे लागलं नाही तर नगरपालिका स्वस्त रस्ता धरणार, हे उघड आहे. आणि जिने नावच नोंदवलं नाही, भत्ताच घेतला नाही, तिच्यावर शहराचा एक सेंट खर्च होत नाही. मग तिला शोधत कोण येणार? "आपल्याला सरकारचे पैसे नकोत" म्हणून नोंदणी टाळणाऱ्या वहिनी माझ्या ओळखीत चार तरी आहेत. स्वाभिमान समजतो मी. पण नोंदणी म्हणजे भीक नव्हे. त्यातूनच प्राथमिक मूल्यमापन, एकात्मता योजना आणि भाषेचा कोर्स यांचं दार उघडतं.

मग मागे लागणार कोण? आपणच. आणि इथे हा बदल आपल्या बाजूचा आहे. भारतीय पासपोर्टवर आपल्याला संसदेच्या निवडणुकीत मत नाही. टीई ऑफिस सरकारचं होतं तोवर त्याचा कारभार ठरवणाऱ्यांना आपण निवडूही शकत नव्हतो, पाडूही शकत नव्हतो. पण नगरपालिकेच्या निवडणुकीत, इथे सलग दोन वर्षं वास्तव्याची नोंद असेल तर, परदेशी नागरिकालाही मत आहे. उभंही राहता येतं. ज्या कार्यालयावर आपलं घर अवलंबून आहे ते आता आपल्या मताच्या टप्प्यात आलंय. 13 एप्रिल 2025 ला मतदान झालं तेव्हा आपल्यातले किती जण गेले? मतदानाचं पत्र जाहिरातींबरोबर कागदाच्या डब्यात गेल्याचं मी दोन-तीन घरांत ऐकलं. इथे गणेशोत्सवाला हॉल भरतो आपला. त्याच्या निम्मी माणसं मतदान केंद्रावर दिसली तरी नगरसेवक आपल्या प्रश्नांची दखल घेतील.

पुढची निवडणूक 2029 मध्ये आहे, तोवर थांबायची गरज नाही. शहरात राहणाऱ्या कोणालाही नगरपालिकेकडे लेखी सूचना मांडता येते, त्याला नागरिकत्व लागत नाही. पुरेशा रहिवाशांनी, म्हणजे 2 टक्क्यांनी, सही केली तर ती सहा महिन्यांत विचारात घ्यावीच लागते. मागण्याही साध्या आहेत. फिनिशच्या वर्गाच्या वेळेत मुलांना सांभाळायची सोय. किती जणांना काम मिळालं याबरोबर किती जणांना आपल्या शिक्षणाचं काम मिळालं, याचा आकडा. आणि शिक्षक, नर्स, अकाउंटंट यांच्यासाठी व्यवसायाच्या भाषेचे वर्ग.

एक व्यावहारिक गोष्ट, कारण यात गोंधळ होतो. नोकरी गेली तर तीन ठिकाणं वेगळी आहेत. सेवा नगरपालिकेकडे. भत्ता केला या संस्थेकडे किंवा तुमच्या बेरोजगारी फंडाकडे. राहण्याचा परवाना मिग्रीकडे, म्हणजे सरकारकडेच. कामाच्या परवान्यावर असाल तर नवी नोकरी शोधायला तीन महिने, काही गटांना सहा महिने मिळतात, हा नियम मिग्रीचा आहे. नगरपालिकेचा सल्लागार कितीही चांगला असला तरी ती मुदत वाढवू शकत नाही. म्हणून नोंदणी बेकारीच्या पहिल्या दिवशीच करा.

तुमच्या शहरात 2025 नंतर काय अनुभव आला ते खाली लिहा. चांगला असेल तोही लिहा. शहराचं नाव, नोंदणीनंतर किती दिवसांनी फोन आला, कोणत्या भाषेत बोलले, भाषेचा कोर्स मिळाला का, एवढं पुरे. पंधरा-वीस जणांचं जमलं की मी ते एकत्र करतो, आणि आपण मिळून पहिली सूचना लिहायला बसू. फिनिशमध्ये लिहिणारं कोणी असेल तर हात वर करा.