पाच हजार क्युसेक म्हणजे किती?

‘ज्ञान-व्यवस्थापन’ हा शब्द कुठल्यातरी आंतरराष्ट्रीय अहवालातून आपल्याकडे आला आणि पाहता पाहता प्रत्येक मंत्रालयाच्या टिपणीत जाऊन बसला. त्याच्या जोडीला ‘संवाद-रणनीती’ही आली. प्रत्यक्षात या दोन भारदस्त शब्दांचा अर्थ बहुधा एवढाच होतो की, एक सल्लागार नेमला जातो, संकेतस्थळ नव्या रंगात रंगवले जाते, गुळगुळीत कागदावर वार्षिक अहवाल निघतो आणि ‘संवाद’ या लेखाशीर्षाखालचा निधी मार्चअखेर खर्ची पडतो. एरवी मी याकडे दुर्लक्ष केले असते. शासनात याहून मोठे अपव्यय होतात. परंतु दोन किंवा अधिक राज्यांच्या वतीने काम करणाऱ्या एखाद्या संस्थेने संवादाचा असा सोयीस्कर अर्थ लावला, तर त्याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. ज्या बंगळुरू शहरात बसून मी हे लिहितो आहे, त्या शहराने ती एकापेक्षा अधिक वेळा मोजली आहे.

विषय कावेरीचा आहे. मराठी वाचकाला तो दूरचा वाटेल, म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. कावेरी पाणी-तंटा लवाद १९९० साली नेमला गेला. १९९१ मध्ये त्याने अंतरिम आदेश दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरात बंगळुरूत दंगल उसळली. अंतिम निवाडा ५ फेब्रुवारी २००७ रोजी आला. त्यात ७४० टीएमसी पाणी धरून तामिळनाडूला ४१९, कर्नाटकाला २७०, केरळला ३० आणि पुदुच्चेरीला ७ टीएमसी अशी वाटणी झाली. १६ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाचा वाटा १४.७५ टीएमसीने वाढविला, त्यांपैकी ४.७५ टीएमसी बंगळुरूच्या पिण्याच्या पाण्यासाठी. सरहद्दीवरील बिलिगुंडलू येथे कर्नाटकाने वर्षभरात पोचवावयाचे पाणी १९२ टीएमसीवरून १७७.२५ टीएमसीवर आले. याची अंमलबजावणी करण्यासाठी जून २०१८ मध्ये कावेरी जल व्यवस्थापन प्राधिकरण आणि त्याच्या हाताखाली कावेरी जल नियमन समिती स्थापन झाली. योजनेनुसार समितीचे मुख्यालय बंगळुरूला ठेवण्यात आले. खर्चाचीही वाटणी ठरली: कर्नाटक व तामिळनाडू प्रत्येकी ४० टक्के, केरळ १५, पुदुच्चेरी ५. म्हणजे या संस्थेजवळ जे ज्ञान साठते, ते चारही ठिकाणच्या करदात्यांनी पैसे मोजून विकत घेतलेले आहे. पुढचे सारे विवेचन वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता २०२३ च्या सप्टेंबरकडे येतो. त्या वर्षी नैर्ऋत्य मान्सून कावेरीच्या खोऱ्यात दगा देऊन गेला होता. कृष्णराजसागर, काबिनी, हारंगी आणि हेमावती या कर्नाटकाच्या चार जलाशयांतील आवक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी होती. समितीने पंधरा दिवस रोज ५,००० क्युसेक पाणी सोडावे असे सांगितले, प्राधिकरणाने ते कायम केले आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप करण्यास नकार दिला. २६ सप्टेंबरला बंगळुरू बंद झाले. त्याच दिवशी समितीने पुढील काळासाठी आकडा ३,००० वर आणला. तरीही २९ तारखेला अख्खे कर्नाटक बंद.

या काळात मी कार्यालयातील सहकाऱ्यांना, उपाहारगृहातील ओळखीच्यांना आणि माझ्या रिक्षावाल्याला एकच प्रश्न विचारीत असे: पाच हजार क्युसेक म्हणजे किती? कोणालाही सांगता आले नाही. त्यात त्यांचा काय दोष? क्युसेक हा वेग आहे, टीएमसी हा साठा आहे. एकातून दुसऱ्यात जायला गुणाकार करावा लागतो आणि तो गुणाकार कोणी करून दाखविला नव्हता. तो असा आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, दिवसाला ८६,४०० घनफूट. पाच हजार क्युसेक दिवसभर वाहिले की ०.४३२ टीएमसी होतात, पंधरा दिवसांचे ६.४८ टीएमसी. बंगळुरूला त्या वेळी कावेरीतून रोज सुमारे १४५ कोटी लिटर पाणी मिळत असे. म्हणजे त्या पंधरवड्यात जेवढे पाणी सरहद्दीपलीकडे जाणार होते, तेवढ्यात या शहराचे चार महिने निघाले असते. मंड्याच्या शेतकऱ्याचा आणि बंगळुरूच्या गृहिणीचा संताप निराधार नव्हता.

पण हिशेब इथे थांबवणे हाच तर अप्रामाणिकपणा. न्यायालयाने ठरविलेल्या मासिक वेळापत्रकानुसार साधारण वर्षी एकट्या सप्टेंबरात ३६.७६ टीएमसी पाणी बिलिगुंडलूला पोचले पाहिजे. पंधरवड्याचे १८ हून अधिक झाले. त्या जागी मिळणार होते ६.४८, म्हणजे जेमतेम ३५ टक्के. जलाशयांतील तूट पन्नासच्या थोडी वर आणि तामिळनाडूच्या पाण्यातील कपात पासष्टच्या घरात! तंजावर म्हटले की आपल्याला व्यंकोजीराजे आणि सरस्वती महाल आठवतात. त्याच तंजावरच्या शेतात त्या वेळी कुरुवैचे भात पाण्यासाठी ताटकळले होते. त्या शेतकऱ्याचा संतापही निराधार नव्हता.

आकडा एकच होता, आणि त्याची दोन्ही वाचने खरी होती. कन्नड माणसाला फक्त पहिले वाचन ऐकू आले, तमिळ माणसाला फक्त दुसरे. दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवण्याचा अधिकार आणि साधन असलेली एकच संस्था होती. तिच्याकडून लोकांपर्यंत पोचला तो केवळ आकडा.

याच्या सात वर्षे आधीचा प्रसंग अधिक बोलका आहे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहा दिवस रोज १५,००० क्युसेक सोडण्याचा आदेश दिला. १२ सप्टेंबरला तो सुधारून १२,००० केला, मात्र मुदत २० तारखेपर्यंत वाढविली. वेग घटला, एकूण पाणी वाढले. त्या दिवशी बंगळुरूत तामिळनाडूच्या बसगाड्या जळाल्या, पोलिस गोळीबारात एकाचा जीव गेला, शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. आदेश नेमका काय आहे हे समजून घेऊन कोणी गाड्या पेटवल्या असे मी म्हणणार नाही. जमावाला निमित्त पुरते. पण जमावाच्या मागे जो मोठा, घाबरलेला, सहानुभूतीने पाहणारा समाज उभा असतो, त्याला माहिती लागते. ती नसेल तर तो अफवेवर गुजराण करतो. तेव्हा प्राधिकरण नव्हते, ही सबब त्या वर्षी चालण्याजोगी होती.

आता ‘संवाद-रणनीती’च्या पुरस्कर्त्यांकडे वळतो. अनेक राज्यांचा संबंध असलेल्या एका वेगळ्याच विषयावरील बैठकीत मी असे एक सादरीकरण पाहिले आहे. बोधचिन्ह होते, समाजमाध्यमांचे वेळापत्रक होते, ‘भागधारक’ हा शब्द तर प्रत्येक पानावर. ज्याच्या उत्पन्नावर या निर्णयाचा परिणाम होणार, त्याला तो कोणत्या दिवशी, कोणत्या भाषेत आणि कोणत्या कारणांसह कळेल, असे मी विचारले. तो पुढच्या टप्प्यातील विषय असल्याचे उत्तर मिळाले. माझ्या मते तो पहिला आणि जवळजवळ एकमेव टप्पा आहे.

हे मी माझ्या पदरचे सांगत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ उघडून पाहावे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना संबंधित वस्तुस्थिती प्रसिद्ध करावी, बाधितांना निर्णयाची कारणे द्यावीत आणि हे करताना स्थानिक भाषेचा विचार व्हावा, असे त्यात लिहिलेले आहे. कोणी अर्ज करण्याची वाट पाहायची नाही, हे त्या कलमाचे मर्म. आपण मात्र इंग्रजी इतिवृत्त संकेतस्थळावर चढविले की कर्तव्य संपले असे मानतो. इतिवृत्त ही कार्यालयाची स्मृती आहे, नागरिकाला दिलेले उत्तर नव्हे.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो माझे ज्येष्ठ सहकारी नेहमी घेतात: सर्व आकडे उघडे केले तर राज्ये त्यांवरून भांडतील, न्यायालयात जातील, वातावरण अधिक तापेल. मी उलट विचारतो, आजवर काय वेगळे झाले? राज्यांच्या प्रतिनिधींना आकडे ठाऊकच असतात. ते बैठकीत शेजारी बसलेले असतात. बंद दाराचा फायदा फक्त एकाच गोष्टीसाठी होतो: बाहेर येऊन प्रत्येकाने आपापल्या सोयीचा आकडा सांगण्यासाठी. माहितीची विषमता बाजाराला कशी कुजवते, हे आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवितात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक संसाधनांचा जन्मभर अभ्यास केला. टिकून राहिलेल्या पाणीवाटपाच्या व्यवस्थांमध्ये त्यांना एक समान गुण आढळला: देखरेख करणारे हे पाणी वापरणाऱ्यांना उत्तरदायी असतात, किंवा स्वतःच वापरकर्ते असतात. २००९ चे नोबेल त्यांना मिळाले म्हणून हे खरे, असे नाही. आपल्या खानदेशातील फड पद्धतीत पाटकरी कोणाचे पाणी कुठवर नेतो, हे सगळ्या फडाला दिसत असे. वाद तिथेही होत, पण पाणी किती आले यावरून होत नसत.

परदेशातील उदाहरणे हवीतच असतील तर मेकाँग नदी आयोगाचे घ्या. चार देशांच्या या संस्थेने २००१ सालीच माहितीच्या देवाणघेवाणीची कार्यपद्धती मान्य केली आणि नदीच्या पातळ्या ती लोकांसाठी प्रसिद्ध करते. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोरे प्राधिकरण नदीच्या परिचालनाचा साप्ताहिक अहवाल काढते. सार्वभौम देशांना जे जमते, ते एका संघराज्यातील राज्यांना का जमू नये?

आणि आपण महाराष्ट्रीयांनी फार शहाणपणा मिरवू नये. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगली-कोल्हापूरने अलमट्टीच्या नावाने जो आक्रोश केला, त्यामागे दुःख खरे होते. परंतु वडनेरे समितीने पुढे अलमट्टीच्या फुगवट्याला पुराचे कारण मानले नाही, आणि ते किती लोकांना पटले हे शिरोळ तालुक्यात जाऊन विचारावे. पाणी गळ्याशी आलेले असताना ज्याला विसर्गाचा आकडा मिळाला नाही, त्याला वर्षभराने मिळालेला अहवाल पटत नाही.

कावेरीच्या तिढ्यात एक खरी उणीव उरते. लवादाने तुटीच्या वर्षी वाटे त्याच प्रमाणात कमी व्हावेत असे तत्त्व सांगितले. ती तूट कशी मोजायची, याचे सर्वमान्य सूत्र मात्र ठरलेले नव्हते. सरासरी कोणत्या वर्षांची धरायची, केवळ आवक पाहायची की शिल्लक साठाही, ईशान्य मान्सूनची आशा किती मोजायची, या प्रत्येक प्रश्नावर दोन राज्यांची दोन उत्तरे. म्हणूनच प्रत्येक आदेशाबरोबर एक तक्ता जोडणे अगत्याचे आहे. त्यात जलाशयनिहाय साठा असावा, त्या तारखेपर्यंतची आवक, धरलेली सरासरी व तिची वर्षे, काढलेली तूट, वेळापत्रकातील देय पाणी, प्रत्यक्ष बिलिगुंडलूला पोचलेले पाणी, आणि कोणत्या राज्याने कशास हरकत घेतली तेही. एक पान कन्नडमध्ये, एक तमिळमध्ये, एक मल्याळममध्ये. इंग्रजी शेवटी.

एवढ्यासाठी दोन अनुवादक आणि एक अभियंता पुरेसे आहेत. जलवर्ष १ जूनला सुरू होते, मेट्टूरचे दरवाजे परंपरेने १२ जूनला उघडतात. पाऊस चांगला असेल त्या वर्षी, कोणाचेच डोके तापलेले नसताना, हे पान छापायला सुरुवात करावी. म्हणजे तुटीचे वर्ष येईल तेव्हा मंड्यात आणि तंजावरला ते वाचायची सवय झालेली असेल.