लव्हाळ्याचे कौतुक

यंदाच्या पावसाळ्यात एका कोपऱ्यावरून आमच्या घरात दोन पक्ष पडले. कोपरा मागच्या अंगणातला, नळाखालचा. चार महिने तिथे पाणी साचते आणि उरलेले आठ महिने चिखल असतो. माझे म्हणणे, फरशी घालून मोकळे व्हावे. सौभाग्यवतीचे म्हणणे, "अहो, पाणी आहे तर तिथे काहीतरी हिरवं लावू या." अशा वादाचा निकाल काय लागतो, हे विवाहित वाचकांना निराळे सांगायला नको.

रोपवाटिकेतल्या गृहस्थांनी एक देखणी कुंडी पुढे केली. सरळसोट हिरव्या काड्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर पानांची उघडी छत्री. किंमत ऐकून माझीच छत्री मिटली! घरी आणल्यावर आमचे माळीबुवा ते रोप पाहून हसले. "सर, हा तर लव्हाळ्याचा पाहुणा. पैसे देऊन आणलात होय?"

लव्हाळा हा शब्द कानी पडला आणि मी चपापलो. पुरात मोठमोठे वृक्ष उन्मळतात, वाकणारे लव्हाळे तेवढे तगते, हा तुकोबांचा दृष्टान्त मी वीस वर्षे वर्गात रंगवून सांगत आलो आहे. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, आमच्या शेतात लव्हाळा फार आहे. खुरपणीच्या मजुरीतच सगळं पीक जातं, असं वडील म्हणतात. मग तुकाराम महाराजांनी त्याचं कौतुक का केलं?" वर्ग हसला. मीही हसलो, कारण उत्तर येत नव्हते. खरे सांगायचे तर लव्हाळा मला ओळखताही येत नव्हता.

तो धडा माळीबुवांनी दिला. "काडी चिमटीत धरून फिरवा," ते म्हणाले. काडी फिरेना; बोटांना तीन कडा लागल्या. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ आणि पेरापेरांची. लव्हाळ्याच्या कुळातली काडी बहुतेक तिधारी आणि भरीव, पानेही तीन रांगांत. या कुळाला शास्त्रज्ञ सायपरेसी म्हणतात. जगात त्याच्या सुमारे साडेपाच हजार जाती आहेत. पाणकणीस आणि बोरू पाण्याकाठी याच्या शेजारी उभे असतात खरे, पण ते या घरचे नव्हेत.

मग मला नादच लागला. आमच्या छत्रीवाल्याचे माहेर आफ्रिकेकडचे. त्याला ऊन थोडे कमी चालते, पाणी कमी चालत नाही. त्याची एक छत्री कापून पाण्यात उलटी तरंगत ठेवली, तर थोड्या दिवसांत तिला मुळे फुटतात. म्हणजे दुसरे रोप विकत घ्यायला नको! त्याचा थोरला भाऊ पपायरस. त्याच्या गाभ्याच्या पट्ट्या आडव्याउभ्या थापून प्राचीन इजिप्तमध्ये लिहिण्याचे ताव होत. इंग्रजीतला पेपर हा शब्द त्याच्याच नावावरून आला. पण हा पुरुषभर उंचीलाही न जुमानता वाढतो. त्याला मोठे तळे आणि मोकळे ऊन हवे. चाळीच्या गॅलरीत त्याचा बुटका भाऊबंद बरा. तो बादलीत मावतो. परदेशी मासिकांतले पिवळ्या पट्ट्यांचे केरेक्स मात्र चित्रातच पाहावे. थंड हवेच्या त्या पाहुण्याला आपला वैशाख सोसत नाही.

दोन पथ्ये पाळावीत. पाण्याच्या टबात गप्पी मासे सोडावेत, नाहीतर बागेबरोबर डासही वाढतात. आणि वाढलेली रोपे ओढ्यात किंवा नदीत कधी टाकू नयेत. हे पाहुणे काही देशांत पाणथळ जागा बळकावून बसले आहेत.

आणि आपल्याकडचे? सह्याद्रीच्या कातळसड्यांवर पावसाळ्यात या कुळातल्या कितीतरी इवल्या जाती उगवतात. तळ्याकाठी उंच वाढणाऱ्याही आहेत. तमिळनाडूतल्या पट्टमडईच्या नाजूक चटया अशाच एका तिधारी काडीच्या विणतात. तळ्याकाठच्या जातींचा एखादा गड्डा टबात लावला, तर चतुर त्यावर विसावतात आणि बियांसाठी मुनिया येतात.

राहता राहिला शेतातला लव्हाळा. १९७७ साली होल्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या दुष्ट तणांवर ग्रंथ लिहिला, त्यात पहिला मान यालाच दिला! वरून दिसतो वीतभर. खाली मात्र गाठींची साखळी असते. खुरप्याने साखळी तुटली, की आजवर झोपलेल्या गाठीही जाग्या होतात. म्हणून त्याला मोकळ्या वाफ्यात कधी थारा देऊ नये. हौसच असेल तर बूड नसलेली नव्हे, चांगली बंद कुंडी घ्यावी, आणि ती फरशीवर ठेवावी.

त्या मुलीचे वडील खोटे बोलत नव्हते, आणि तुकोबाही नाहीत. आपल्या बोलीत लव्हाळा हे एकाच झाडाचे नाव नाही. नदीकाठचे लव्हाळे पुरात वाकते आणि मुळांनी काठ धरून ठेवते. तिथे ते संतांच्या कौतुकाला पात्र आहे. त्याचाच भाऊ उसाच्या सरीत शिरला, की तोच चिवटपणा शेतकऱ्याच्या मुळावर येतो. एवढे साधे उत्तर मला त्या दिवशी सुचले नाही, कारण मी पुस्तकातून मान वर काढून बांधावर कधी पाहिलेच नव्हते. ती आता पदवी घेऊन गेली. हा अंक तिच्या हाती पडला, तर उशिरा आलेले उत्तर तिने पदरात घ्यावे.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लागले आणि वाटीत उटणे आले. मी पुडीवरची यादी प्रथमच वाचली. आंबेहळद, कापूरकाचरी, वाळा... आणि नागरमोथा! म्हणजे तीच ती गाठ, किंवा तिची सख्खी बहीण. वर्षभर ज्याला उपटायचे, त्यालाच दिवाळीला विकत आणून अंगाला लावायचे.

"उटणं पुरे झालं का?" सौभाग्यवतीने विचारले.

"लाव आणखी थोडं," मी म्हटले. "जुनी ओळख आत्ता कुठे पटते आहे."