नेमारसाठी २२ कोटी युरो: महागडे फुटबॉल ट्रान्सफर क्लबना खरंच परवडतात का?

ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेन (पीएसजी) या फ्रेंच क्लबने तब्बल २२ कोटी २० लाख युरो मोजून नेमारला बार्सिलोनाकडून आपल्याकडे घेतलं. हा विक्रम अजूनही मोडलेला नाही.

बरोबर चार वर्षांनी बार्सिलोनाची अवस्था अशी होती की, लिओनेल मेस्सीलाही संघात ठेवणं त्यांना जमलं नाही. मेस्सीने रडत रडत निरोप घेतला. एवढा पैसा ज्या क्लबला मिळाला, तोच क्लब अडचणीत कसा आला?

ट्रान्सफरचा हिशेब कसा लावतात?

आयपीएलच्या लिलावातली बोली म्हणजे खेळाडूचं मानधन. युरोपीय फुटबॉलमध्ये मात्र ट्रान्सफर फी जुन्या क्लबला मिळते. खेळाडूचा पगार, बोनस आणि एजंटचं कमिशन हा खर्च वेगळा.

ही फी ताळेबंदात एकदम खर्च म्हणून दाखवत नाहीत, ती कराराच्या वर्षांत विभागली जाते. नेमारचा करार पाच वर्षांचा होता, म्हणजे वर्षाला साधारण ४ कोटी ४४ लाख युरो. विकणाऱ्या क्लबला मात्र सगळा नफा त्याच वर्षी दाखवता येतो. त्यामुळे आज विकून नफा दाखवायचा आणि नव्या खरेदीचा बोजा पुढच्या वर्षांवर ढकलायचा, असा मोह क्लबना होतो.

चेल्सीने सात-आठ वर्षांचे करार करून हा वार्षिक आकडा आणखी खाली आणला. तेव्हा २०२३ मध्ये युएफाने विभागणीवर पाच वर्षांची मर्यादा घातली.

बार्सिलोनाचं काय चुकलं?

बार्सिलोनाच्या हातात पैसा आहे आणि खेळाडूची घाई आहे, हे सगळ्या युरोपला दिसत होतं. अशा वेळी भाव वाढणारच. क्लबने उस्मान डेम्बेलेसाठी साडेदहा कोटी आणि कुटिन्योसाठी १२ कोटी युरो मोजले. कामगिरीनुसार द्यायची रक्कम वेगळी. २०१९ मध्ये ग्रीझमनसाठी आणखी १२ कोटी गेले.

डेम्बेलेला दुखापतींनी सोडलं नाही. कुटिन्यो बायर्न म्युनिककडे लोनवर गेला आणि ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ असं हरवलं, तेव्हा त्यातले दोन गोल त्याचेच होते. २०२२ मध्ये तो सुमारे दोन कोटी युरोंत विकला गेला.

त्यात कोविडमुळे स्टेडियम रिकामी राहिली, मोठे पगार मात्र सुरूच होते. २०२१ मध्ये क्लबवर १३५ कोटी युरोंचं कर्ज असल्याचं अध्यक्ष लापोर्ता यांनी जाहीर केलं.

मग कुटिन्योला विकणाऱ्या लिव्हरपूलचं काय झालं?

लिव्हरपूलने त्याच वर्षी बचावपटू व्हॅन डाइक आणि गोलकीपर अ‍ॅलिसन यांना घेतलं. दोघंही तेव्हा आपापल्या जागेवरचे जगातले सर्वांत महागडे खेळाडू होते. पण संघाची कमतरता नेमकी तिथेच होती. २०१९ मध्ये लिव्हरपूलने चॅम्पियन्स लीग जिंकली आणि २०२० मध्ये ३० वर्षांनी इंग्लंडचं विजेतेपद मिळवलं.

जर्सी विकून पैसे वसूल होतात का?

हा लोकप्रिय गैरसमज आहे. जर्सीच्या विक्रीतला मोठा वाटा ती बनवणाऱ्या कंपनीकडे आणि दुकानदारांकडे जातो. क्लबला सहसा कंपनीकडून ठरलेली वार्षिक रक्कम आणि विक्रीतला छोटा हिस्सा मिळतो.

खेळाडू एक, सौदे दोन

२००९ मध्ये रिअल माद्रिदने २४ वर्षांच्या क्रिस्तियानो रोनाल्डोसाठी सुमारे ९ कोटी ४० लाख युरो दिले. नऊ वर्षांत त्याने ४५० गोल केले, क्लबने चार वेळा चॅम्पियन्स लीग जिंकली आणि शेवटी त्याला युव्हेंटसला १० कोटींत विकलं.

युव्हेंटसने घेतला तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. तीन वर्षांनी मँचेस्टर युनायटेडकडून त्याच्यासाठी दीड कोटी युरो मिळाले, कामगिरीनुसारची रक्कम वेगळी. चॅम्पियन्स लीग तर मिळालीच नाही.

थोडक्यात, परवडतं का?

परवडतं, पण खेळाडूचं वय, पगार, पुढे विकला जाण्याची शक्यता आणि संघाची खरी गरज यांचं गणित जुळलं तरच. पीएसजीमागे कतारचा पैसा असल्याने त्यांना तोटा सोसता आला. तरी त्यांची पहिली चॅम्पियन्स लीग आली २०२५ मध्ये, नेमार, मेस्सी आणि एम्बाप्पे तिघंही गेल्यावर. त्या संघाचा हुकमी एक्का होता डेम्बेले, बार्सिलोनाकडून सुमारे पाच कोटी युरोंत घेतलेला.